अण्णासाहेब किर्लोस्करांचा संगीतसंस्कार

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३-१८८५) यांच्या संगीत नाटकाची जन्मकथा बहुधा १८८० साली पुण्यात त्यांनी पाहिलेल्या पारशी मंडळीच्या ‘इंद्रसभे’पासून सांगितली जाते. एका रात्रीच्या प्रयोगाला एवढे श्रेय देणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटत नाही. त्या प्रयोगाने निमित्त पुरविले. सामग्री अण्णासाहेबांपाशी आधीच होती.

किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातले. अण्णासाहेबांचा जन्म मात्र बेळगाव भागातील गुर्लहोसूरचा. आरंभीचे शिक्षण घरीच, कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांत झाले. म्हणजे घरात मराठी आणि भोवताली कानडी पदे, हा दुहेरी संस्कार भाषेइतकाच कानांवरही झाला. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यात आले आणि अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यातच अधिक रमले. नंतरच्या नोकऱ्यांचा तपशील येथे गौण आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गायनाचा भार सूत्रधारावर असे. येथे पात्रे स्वतः गाऊ लागली. (त्रिलोकेकरांनी वर्षभर आधी ‘नलदमयंती’त हा उपक्रम केला होता, हे विसरू नये.) मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांसारखे गाणारे नट लाभल्याने पदांना रागदारीचे अंग मिळाले. पण खरा विशेष चालींच्या निवडीत आहे. कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीची ठेवण, स्त्रीगीतांचे वळण आणि कानडी पदांच्या चाली एकाच नाटकात शेजारी नांदतात, आणि कोणतीही उपरी वाटत नाही.

‘शाकुंतल’ हे अखेर कालिदासाचे भाषांतर. तेथे पदांची गर्दी कधीकधी कथानकाला जड होते. १८८२ मधील ‘सौभद्रा’त ही अडचण उरली नाही. कथा पुराणातली, रचना स्वतःची. त्यामुळे सुभद्रेचा रुसवा, कृष्णाची मिस्किली यांना अनुरूप चाल आधी कानात येते व शब्द मागून येतात, असा प्रत्यय येतो. त्याच वर्षी मंडळीत आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने या पदांना घरोघर पोहोचविले.

‘रामराज्यवियोगा’चे तीनच अंक लिहून झाले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच त्यांचे निधन झाले.