विश्लेषण : टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने रेस्तराँना तारे का दिले?

शनिवारी सकाळी लंडनहून गाडी काढायची, थेम्स नदीकाठच्या ब्रे या गावी जायचे, ‘द वॉटरसाइड इन’मध्ये पाण्याकडे बघत निवांत जेवायचे, रात्री तिथल्याच खोलीत मुक्काम करायचा आणि रविवारी घरी परतायचे. लग्नाचा वाढदिवस असा साजरा करणाऱ्या जोडप्यांना तिथवर खेचून नेणारी एक मोठी गोष्ट म्हणजे मिशेलिनचे तारे. रू बंधूंनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या या रेस्तराँला १९८५ मध्ये तिसरा तारा मिळाला. पण हे तारे देणारी कंपनी टायर बनवते. टायर आणि जेवण यांचा संबंध काय? याचे उत्तर आंद्रे मिशेलिन यांच्या आयुष्यात सापडते.

आंद्रे मिशेलिन कोण होते?

आंद्रे यांचा जन्म १८५३ मध्ये पॅरिसमध्ये झाला. ‘एकोल सेंट्राल’ या नामवंत संस्थेतून १८७७ मध्ये ते इंजिनीअर झाले आणि पॅरिसमध्ये लोखंडी बांधकामाचा व्यवसाय करू लागले. त्यांच्या आजोबांचा क्लेरमाँ-फेराँ या शहरात शेतीची यंत्रे आणि रबराच्या वस्तू बनवण्याचा कारखाना होता. तो डबघाईला आल्यावर १८८६ मध्ये आंद्रे यांनी त्यात लक्ष घातले. मात्र पॅरिसचा व्याप सांभाळून हे जमेना. शेवटी चित्रकला शिकणारा धाकटा भाऊ एदुआर मदतीला आला आणि १८८९ मध्ये मिशेलिन कंपनी उभी राहिली. एदुआर कारखाना बघत, तर आंद्रे पॅरिसमध्ये राहून प्रचाराची बाजू सांभाळत.

टायरकडे ते कसे वळले?

त्याच वर्षी पंक्चर झालेली सायकल घेऊन एक जण कारखान्यात आला. हवेचा टायर तेव्हा नवा होता आणि तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायला तीन तास लागले, वर चिकटवलेले सुकायला रात्र गेली. भावांच्या लक्षात आले, की टायर सहज काढता-घालता आला पाहिजे. १८९१ मध्ये त्यांनी तशा टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षीची पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची सायकल शर्यत शार्ल तेराँ याने मिशेलिनच्या टायरवर जिंकली.

१८९५ मध्ये भाऊ स्वतःच पॅरिस–बोर्दो–पॅरिस या मोटार शर्यतीत उतरले. त्यांच्या गाडीला हवेचे टायर होते. ट्यूब सारख्या फुटत होत्या आणि शर्यत काही जिंकता आली नाही. पण मोटार हवेवर धावू शकते, हे लोकांनी पाहिले.

मग गाइडची कल्पना कुठून आली?

अडचण साध्या गणिताची होती. १९०० मध्ये फ्रान्समध्ये जेमतेम तीन हजार मोटारी होत्या. गाड्याच कमी, त्यात त्या घराजवळच फिरणार. मग टायर झिजणार कसे आणि नवे विकले जाणार कसे? लोक लांब जायला घाबरत, कारण वाटेत पेट्रोल कुठे मिळेल, गाडी कोण दुरुस्त करेल, रात्री कुठे थांबायचे, हेच माहीत नसे.

म्हणून १९०० मध्ये मिशेलिनने लाल रंगाचे छोटे पुस्तक काढले आणि त्याच्या ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. गाड्यांच्या दहापटीहून जास्त! टायर कसा बदलायचा, मेकॅनिक आणि हॉटेल कोणत्या गावात आहे, अशी माहिती त्यात होती. आंद्रे तिथेच थांबले नाहीत. कंपनीने रस्त्यांचे नकाशे छापले आणि रस्त्यांना क्रमांक द्यावेत, यासाठी १९१२ मध्ये आंद्रे यांनी सह्यांची मोहीम चालवली.

फुकटचे गाइड विकत का झाले?

कंपनीत आजही एक किस्सा सांगितला जातो. एका गॅरेजमध्ये कामाचे टेबल डगमगू नये म्हणून त्याखाली गाइडच्या प्रती सारलेल्या आंद्रे यांना दिसल्या. जी वस्तू फुकट मिळते, तिची किंमत राहत नाही, हा धडा त्यांनी घेतला. १९२० पासून गाइड सात फ्रँकला मिळू लागले. हॉटेलांच्या पैसे देऊन येणाऱ्या जाहिरातीही बंद झाल्या. पैसे मोजणाऱ्या वाचकाला खरी माहिती हवी होती. म्हणून पुढे ओळख न सांगता जेवून, बिल भरून येणारे निरीक्षक नेमले गेले.

ताऱ्यांचा अर्थ काय?

चांगल्या जेवणासाठी तारा देण्याची पद्धत १९२६ मध्ये सुरू झाली आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी चढती श्रेणी आली. एक तारा म्हणजे जेवण उत्तम. दोन तारे म्हणजे ठरलेला रस्ता सोडून वाट वाकडी करावी असे. तीन तारे म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवासाला निघावे असे. नीट पाहिले तर दोन आणि तीन ताऱ्यांचे माप जेवणाचे नाही, प्रवासाचे आहे. त्यात टायर कंपनीचा फायदा होताच. पण निकाल विकत मिळत नसल्याने ग्राहकाचा विश्वास टिकला.

हे यश आंद्रे यांना पाहता आले का?

पूर्ण नाही. ४ एप्रिल १९३१ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीन ताऱ्यांची पहिली रेस्तराँ १९३३ मध्ये जाहीर झाली. त्यात ल्योंच्या युजेनी ब्राझिए होत्या आणि ऱ्होन नदीकाठच्या व्हिएन गावातले फेर्नाँ प्वाँ यांचे ‘ला पिरामिड’ होते. पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे निघालेले मोटारवाले तिथे मुद्दाम थांबू लागले.

आज ब्रेला जाणाऱ्या जोडप्याच्या गाडीला टायर कोणत्याही कंपनीचे असतील. पण जेवणासाठी गाव ओलांडून लांब जावे, ही सवय लावण्यात टायर खपवायला निघालेल्या या इंजिनीअरचा मोठा वाटा आहे.