रेशमी चिलखताचा कर्ता

१८९३ च्या सप्टेंबरात शिकागोच्या विश्वप्रदर्शनानिमित्त भरलेली सर्वधर्मपरिषद स्वामी विवेकानंदांमुळे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ते प्रदर्शन संपायला दोन दिवस उरले असता, २८ ऑक्टोबरला, शहराचे महापौर कार्टर हॅरिसन यांचा राहत्या घरी गोळ्या घालून खून झाला, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. या खुनाने अस्वस्थ झालेल्यांत काझिमेझ झेग्लेन हा चोवीस वर्षांचा पोलिश कॅथलिक संन्यासी होता. गोळी अडवणारे वस्त्र बनविण्याचा ध्यास त्याने घेतला. संन्याशाला हे काय सुचावे, असे वाटेल. परंतु ज्याला कोणाचा जीव घ्यायचा नाही, त्यालाच ढालीचा विचार मनापासून करता येतो.

अनेक पदार्थ चाचपून झाल्यावर झेग्लेन रेशमावर स्थिरावले. घट्ट विणलेल्या रेशमाचे तंतू सहजी तुटत नाहीत. ते ताणतात, आघात सभोवार वाटून घेतात आणि शिशाची गोळी चपटी होऊन त्यांत अडकते. १८९७ मध्ये त्यांना अमेरिकेत या कापडाचे पेटंट मिळाले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते स्वतः ते वस्त्र घालून पिस्तुलासमोर उभे राहिले. कापड हातमागावर विणणे जिकिरीचे होते. यंत्राच्या शोधात ते युरोपात गेले आणि तेथे यान श्चेपानिक या कल्पक पोलिश संशोधकाशी त्यांची गाठ पडली. यंत्र साधले; पण शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून दोघांत वितुष्ट आले. पुढे झेग्लेन यांनी संन्यासही सोडला.

खरी अडचण वेगळीच होती. १९१४ च्या सुमारास अशा एका चिलखताला आठशे डॉलर पडत. त्याच वर्षी फोर्डच्या कारखान्याने दिवसाला पाच डॉलर देऊ केले, तेव्हा जग थक्क झाले होते. त्या अपूर्व मजुरीचेही हे एकशे साठ दिवस! राजेरजवाड्यांना ते परवडे, गस्तीवरच्या शिपायाला नव्हे. शिवाय मंदगती पिस्तुलाची गोळी अडवणारे हे रेशीम नव्या धूरविरहित दारूच्या रायफलीपुढे निष्प्रभ ठरे. कोणत्या शस्त्रापासून रक्षण हवे, हे आधी ठरविल्याशिवाय चिलखताची निवड होत नाही, हे त्यातून उघड झाले.

शिपायाची पाळी यायला पुष्कळ काळ लोटावा लागला. स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील संशोधनातून केव्हलार हा कृत्रिम तंतू निघाला. १९७२ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने पोलिसी चिलखतांची पहिली कसोटी ठरविली. गोळी आरपार गेली नाही एवढ्याने भागत नाही. चिलखतामागील मातीत किती खोल खळगा पडतो, हेही पुढे मोजले जाऊ लागले. मग १९७५ मध्ये पंधरा शहरांतील पोलिसांना पाच हजार चिलखते वापरून पाहण्यास दिली गेली. उकाड्यात, दिवसभराच्या पाळीत शिपाई ती अंगावर ठेवतील काय, हा त्या प्रयोगातला मोठा प्रश्न होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिअ‍ॅटलमध्ये त्यांपैकी एका चिलखताने एका पोलिसाचा जीव वाचविला.