गॅरी गायगॅक्स : बळ संपते तेथून पुढचा खेळ

मराठी माणसाला सुरत आठवते ती शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्यांमुळे. नोकरीनिमित्त मी तीन वर्षे त्या शहरात राहिलो, तेव्हा मीही तेथे एक मोहीम चालविली. मात्र ती चालत असे तापीकाठी रांदेर भागातील भाड्याच्या खोलीत, एका टेबलाभोवती, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन. त्या मोहिमेने मला एका माणसाच्या चरित्राकडे नेले, म्हणून हा लेख.

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. यात एकजण सूत्रधार होतो आणि काल्पनिक जगाचे वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. आपले पात्र काय करते ते खेळाडूने सांगायचे. यश की अपयश, हे पुष्कळदा फासा ठरवितो. पराक्रमागणिक अनुभव वाढतो, अनुभवाने पात्राची पातळी चढते. बुद्धिबळासारखा यात शेवटचा डाव नसतो. मी सूत्रधार होतो.

दीड वर्षाने माझे चारही वीर इतके चढले, की राक्षस एका घावात पडू लागले. मेलेला गडी मंत्राने उठविता येऊ लागला. आता भय कशाचे? मी राक्षस मोठे केले, वीर त्याहून मोठे झाले. एके रात्री ऐन युद्धात एक मित्र चक्क पेंगू लागला. खेळ बंद करावा असे मनात आले. परंतु त्याआधी ज्यांनी तो रचला त्यांनी या अडचणीचे काय केले, हे पाहावेसे वाटले.

गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिनवादक. मुलाला अद्भुत कथा सांगण्याची त्यांना हौस. १९४६ मध्ये कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावी आले. गॅरींनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले. पुढे ते विमा कंपनीत नोकरी करू लागले. मन मात्र लुटुपुटीच्या लढायांच्या खेळात. १९६८ मध्ये त्यांनी गावातील एक सभागृह भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरविला. तो ‘जेन कॉन’ या नावाने आजही भरतो.

१९७० मध्ये नोकरी गेली. घरी बायकामुले, आणि हा गृहस्थ तळघरात जोडे दुरुस्त करून संसार चालवी, उरल्या वेळात खेळांचे नियम लिही. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. तिचा आधार घेऊन डेव्ह आर्नेसन यांनी सैन्याऐवजी एकेक पात्र खेळविण्याचा प्रयोग केला. दोघांच्या मेळातून नवा खेळ जन्मला. प्रकाशक मिळेना, तेव्हा गायगॅक्स यांनी बालमित्र डॉन के यांच्यासह १९७३ मध्ये स्वतःच कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या १००० पेट्या निघाल्या आणि वर्षाच्या आत खपल्या. पुढे श्रेयावरून आर्नेसन यांच्याशी कोर्टकज्जा झाला, तो १९८१ मध्ये मिटला. दोघांचे ऋण मानणे हेच न्यायाचे.

पात्राने किती चढावे याला त्या नियमांत सीमा नव्हती. लवकरच देवांनाही लाजवतील अशा वीरांच्या बढाया ऐकू येऊ लागल्या. १९७६ मध्ये कंपनीने देवदेवतांची पुस्तिका काढली. तिच्यात आपल्या इंद्रालाही बळाचे आकडे दिले होते. हेतू हा, की ते पाहून बढाईखोरांनी ओशाळावे. पण काहींनी देवांनाच शिकार ठरविले!

गायगॅक्स यांचे स्वतःचे उत्तर निराळे होते. त्यांचा मुलगा अर्नी आणि रॉब कुंट्झ हे मुरलेले खेळाडू. त्यांच्या वीरांना कोणी आवरू शकत नव्हते. त्यांच्यासाठी गॅरींनी एक थडगे रचले. १९७५ मध्ये ते बाल्टिमोरच्या मेळाव्यात खेळविले गेले, १९७८ मध्ये छापले गेले. त्यात लढाई थोडी. कोडी, फसवी दारे आणि सापळे फार. तलवार कितीही धारदार असो, चुकीच्या ठिकाणी हात घातला की संपले. बळाला त्याहून मोठे बळ देऊ नये, बळ जेथे निरुपयोगी ठरते तेथे न्यावे, हे त्याचे मर्म मला उमगले.

नियतीने हाच डाव त्यांच्याशी खेळला. १९८३ मध्ये त्यांच्या खेळावर दूरदर्शनमालिका आली. कीर्ती शिगेला होती. पण ऑक्टोबर १९८५ मध्ये कंपनीचा ताबा दुसऱ्या हाती गेला, अध्यक्षपद गेले. ते न्यायालयात हरले आणि १९८६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. वर्षानुवर्षे स्वतः खेळविलेला मॉर्डेनकायनेन हा त्यांचा मांत्रिकही कंपनीकडेच राहिला. गॅरी मात्र खेळ रचीत राहिले, आणि लेक जिनिव्हातील घरी आल्यागेल्यांना खेळवीत राहिले. ४ मार्च २००८ रोजी ते निवर्तले. अंत्यविधीनंतर जमलेले मित्र खेळायला बसले. त्यातूनच त्यांच्या नावाचा वार्षिक मेळावा उभा राहिला.

हे वाचल्यावर मी राक्षस आवरले आणि माझ्या वीरांना सतराव्या शतकातील सुरतेत आणले. तापीच्या मुखाशी गाळ साचतो आहे, मोठी जहाजे सुवाळीला थांबतात, इंग्रजांची नजर मुंबईकडे वळली आहे. १६८७ मध्ये त्यांनी आपले मुख्य ठाणे खरोखरच तेथे हलविले. वाचवा हे बंदर! वाळूवर तलवार चालेना. मांत्रिक नदीचा प्रवाह वळवू शकत होता, पण मग काठची गावे बुडणार. कोणती गावे बुडवायची, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? चौघे मध्यरात्रीपर्यंत भांडले. फासा फारसा पडलाच नाही. पेंगलेही कोणी नाही.

गावे वाचली, बंदर गेले. तसे ठरविताना आमच्या सर्वांत बलाढ्य योद्ध्याचा आवाज कापरा झाला होता. पदव्या, पगार, अधिकार यांच्या पायऱ्या चढण्याची घाई आपणा सर्वांनाच असते. वर पोहोचल्यावर शक्तीने न सुटणारे प्रश्न भेटतात, हे मी तापीकाठी एका खेळात शिकलो.