उशिरा उघडलेले पुस्तक

सुया टोचून वेदना शमवणाऱ्या ॲक्युपंक्चर या चिनी उपचाराचे जुने ग्रंथकार ह्वांगफू मी (इ. स. २१५–२८२) यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

काकांना दत्तक गेलेले ह्वांगफू विसाव्या वर्षापर्यंत उनाडक्या करीत. एकदा त्यांनी काकूंना फळे आणून दिली. पण मुलगा शिकत नाही, म्हणून काकू रडल्या. तेव्हापासून शेतात राबतानाही त्यांच्यासोबत पुस्तक असे. चाळिशीनंतर वाताने अर्धे अंग लुळे पडले, ऐकू येईना. तरीही तीन जुने ग्रंथ ताडून त्यांनी सुई टोचण्याच्या शरीरावरील ३४९ जागा १२ खंडांत मांडल्या. सम्राटाने देऊ केलेले पद नाकारून त्यांनी वाचायला पुस्तके मागितली; सम्राटाने गाडीभर पाठवली.

विद्यार्थी मित्रहो, अभ्यासाला उशीर झाला असे वाटले, तर ह्वांगफू आठवा.