पियानो आणि पंतप्रधानपद

कलावंताने आपल्या कलेपुरतेच पाहावे, की देशावर प्रसंग ओढवला असता कला बाजूला ठेवून सार्वजनिक कार्यात उडी घ्यावी, हा वाद आपल्याकडे वरचेवर निघतो. दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावे असे एक चरित्र पोलंडच्या इतिहासात आहे. इग्नात्सी यान पादेरेव्स्की हे आपल्या काळातील अत्यंत नामांकित पियानोवादक. आणि तेच १९१९ साली पोलंडचे पंतप्रधान झाले.

त्यांचा जन्म १८६० सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या पोडोलिया प्रांतातील. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ मध्ये पोलंडचे अखेरचे लचके तोडल्यापासून त्या देशाचे नाव नकाशावर उरलेच नव्हते. आई जन्मानंतर लवकरच वारली. १८६३ च्या उठावाच्या संबंधात वडिलांना कारावास घडला. पारतंत्र्य म्हणजे काय, हे या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वॉर्सा येथील संगीतविद्यालयात ते शिकले व तेथेच शिक्षक झाले. १८८० मध्ये विवाह झाला; वर्षभरातच पत्नी बाळंतपणानंतर निवर्तली आणि मागे राहिलेला मुलगा अपंग निघाला. अशा स्थितीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते व्हिएन्नात लेशेटिझ्की या विख्यात गुरूकडे गेले. श्रेष्ठ वादक होण्याचे वय उलटून गेले आहे, असे गुरूंचे प्रथम मत पडले. पादेरेव्स्की यांनी वाद घातला नाही. बोटांच्या प्राथमिक अभ्यासापासून पुन्हा आरंभ केला. १८८८ मध्ये पॅरिसने, १८९० मध्ये लंडनने आणि १८९१ मध्ये न्यूयॉर्कने त्यांचे वादन ऐकले, आणि पुढे दोन खंडांत त्यांच्या नावावर सभागृहे भरू लागली. त्यांच्या वादनातील तांत्रिक दोष दाखविणारे जाणकार तेव्हाही होते. श्रोत्यांच्या प्रेमात मात्र त्यामुळे खंड पडला नाही.

या लोकप्रियतेतून आलेल्या पैशाचा विनियोग त्यांनी कसा केला, हे महत्त्वाचे आहे. ग्रुनवाल्डच्या लढाईला पाचशे वर्षे झाली तेव्हा, १९१० मध्ये, क्राकोव्ह येथे उभारलेल्या भव्य स्मारकाचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. पहिल्या महायुद्धात अमेरिकाभर फिरून त्यांनी शेकडो भाषणे दिली, कार्यक्रम केले, पीडितांसाठी निधी जमविला आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या वर्तुळापर्यंत पोलंडची कैफियत पोचविली. जानेवारी १९१८ मध्ये विल्सन यांनी मांडलेल्या चौदा कलमांपैकी तेरावे कलम स्वतंत्र पोलंडचे होते.

स्वातंत्र्य आले, आणि परस्परांशी न पटणाऱ्या गटांना मान्य होईल असा पुरुष म्हणून पंतप्रधानपद व परराष्ट्रखाते त्यांच्याकडे आले. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर त्यांनी पोलंडच्या वतीने स्वाक्षरी केली. परंतु डान्झिगचे बंदर पोलंडला न मिळता स्वतंत्र शहर ठरले. मायदेशी टीका वाढली. दैनंदिन कारभाराची शिस्त हा त्यांचा प्रांत नव्हता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वर्ष पुरे होण्याआधीच त्यांनी पद सोडले. संपत्ती बव्हंशी आटली होती. तेव्हा १९२२ मध्ये, साठी उलटल्यावर, ते पुन्हा पियानोपुढे बसले.

१९३९ मध्ये पोलंड पुन्हा चिरडला गेला. वृद्ध पादेरेव्स्की परागंदा पोलिश राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष झाले आणि देशासाठी पुन्हा अमेरिकेत गेले. २९ जून १९४१ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच उलथापालथीत देशोधडीला लागलेल्या हजारो पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रय मिळाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

कलावंत चांगला राज्यकर्ता होतोच, असे हे चरित्र सांगत नाही. उलट त्याच्या मर्यादा ते उघड दाखविते. परंतु ज्या काळी पोलंडला ना सैन्य होते ना वकिलात, त्या काळी जगाने पोलंडचे नाव ऐकले ते या वादकामुळे. कलेने मिळविलेला लोकांचा विश्वास त्यांनी स्वतःसाठी साठविला नाही, देशाच्या कामी खर्च केला. अमेरिकेतील आर्लिंग्टन येथे ठेवलेले त्यांचे अवशेष १९९२ मध्ये स्वतंत्र पोलंडमध्ये, वॉर्सा येथे, आणण्यात आले. पंतप्रधानपद वर्षभरही टिकले नव्हते. ऋण मात्र अर्धशतकानंतरही देश विसरला नव्हता.