अनवाणी पायांचे पाठीराखे : सर दोराबजी टाटा

भगिनींनो, शाळेच्या क्रीडादिनी आपल्या देवरीच्या मुली अनवाणी धावताना पाहिल्या, की मला सर दोराबजी टाटांची आठवण होते. टाटा म्हटले की आपल्याला लोखंड आठवते. लोहखनिजाच्या शोधात दोराबजी नागपूरच्या संग्रहालयात गेले असता, तेथील एका नकाशावरून त्यांना आपल्या पूर्वेकडील दुर्ग भागातल्या डोंगरांचा सुगावा लागला होता. पण मला त्यांचे दुसरेच कार्य अधिक जवळचे वाटते.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस जन्मले. केंब्रिजला शिकत असताना त्यांना खेळांची गोडी लागली, ती जन्मभर टिकली. १८९८ साली त्यांचा मेहेरबाईंशी विवाह झाला. या बाई साडी नेसूनच टेनिस खेळत आणि बक्षिसे जिंकत!

दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतले तरुण अनवाणी धावत. पायांत बूट नाहीत, शिकविणारे कोणी नाही, तरी त्यांचा वेग परदेशी धावपटूंच्या जवळपास जातो, हे दोराबजींनी हेरले. दुसरा एखादा शाबासकी देऊन घरी गेला असता. त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठविण्याची खटपट केली व पदरचा पैसाही घातला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. पदक एकही मिळाले नाही. तरीही १९२४ साली पॅरिसला पुन्हा संघ गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले.

१९३१ साली मेहेरबाई गेल्या. वर्षभरातच, ३ जून १९३२ रोजी, दोराबजींनी जर्मनीत देह ठेवला. त्यांना मूलबाळ नव्हते. आपली संपत्ती त्यांनी लोककार्यासाठी विश्वस्त निधीला दिली.

टाटांची तिजोरी आपल्याजवळ नाही, पण नजर तर आहे ना? माझ्या शेजारची एक मुलगी शर्यतीत पहिली आली आणि महिनाभरात घरच्यांनी तिचे धावणे बंद केले. मी समोर राहून गप्प बसले, त्याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून एक विनंती : यंदा हळदीकुंकवाच्या वाणाच्या पैशांतून एका धावणाऱ्या मुलीला बूट घेऊ या, आणि ते द्यायला, तिच्या आईशी दोन शब्द बोलायला, आपण चौघीजणी मिळून जाऊ या.