पाण्याची साक्ष जपणारे एरेनबर्ग

तलावाचे पाणी नितळ दिसले म्हणजे तो तलाव निरोगी आहे, असे म्हणता येत नाही. त्याच्या प्रकृतीची खरी नोंद डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांत असते. करंड्यासारख्या दोन झाकणांच्या सिलिकामय कवचात राहणाऱ्या या जीवांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत जर्मन निसर्गशास्त्रज्ञ क्रिस्तियान गॉटफ्रीड एरेनबर्ग यांचे नाव अग्रभागी येते.

त्यांचा जन्म 19 एप्रिल 1795 रोजी डेलिच या गावी झाला. धर्मशास्त्र सोडून ते वैद्यकाकडे वळले. 1820 मध्ये मित्र हेम्प्रिख यांच्यासह ते इजिप्त व अरबस्तानच्या मोहिमेवर निघाले. 1825 मध्ये मसावा येथे हेम्प्रिख यांचे निधन झाले आणि एरेनबर्ग संग्रह घेऊन एकटेच परतले. 1829 मध्ये हुम्बोल्ट यांच्यासोबत त्यांनी रशियाचा प्रवास केला.

पुढील आयुष्य त्यांनी सूक्ष्मदर्शकाला वाहिले. बोहेमियातील बिलिन येथील, धातू घासण्यास वापरला जाणारा दगड डायटमांच्या कवचांचाच बनलेला आहे, हे त्यांनी 1836 मध्ये दाखवून दिले. डार्विन यांनी अटलांटिकवर गोळा केलेल्या धुळीतही त्यांना अशी कवचे आढळली.

मात्र एका मोठ्या प्रश्नावर ते चुकले. डायटम हे प्राणी असून सूक्ष्म जीवांना जठरासह परिपूर्ण अवयव असतात, असे 1838 च्या ग्रंथात त्यांनी मांडले. फ्रेंच शास्त्रज्ञ द्युजार्दँ यांनी या अवयवांच्या कल्पनेला आव्हान दिले आणि काळाने तिचा त्याग केला. 27 जून 1876 रोजी बर्लिनमध्ये एरेनबर्ग निवर्तले.

सिद्धांत गेला, संग्रह उरला. त्यांचे हजारो नमुने व चित्रे आजही बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. पाण्याची आम्लता, क्षार किंवा फॉस्फरस बदलला की डायटमांच्या जातीही बदलतात. मृतांची कवचे गाळात थरावर थर साचतात. याच आधारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील तळी औद्योगिक काळात आम्लधर्मी झाल्याचे सिद्ध झाले. आज बिघडलेला तलाव पूर्वी कसा होता, हे ठरवायचे तर आधी जातींची अचूक ओळख हवी आणि जुने नमुने जपलेले हवेत. एरेनबर्ग यांचे अनुमान चुकले, तरी त्यांनी निगुतीने सांभाळलेला पुरावा टिकला. शास्त्राला त्यांची थोरवी मान्य करावी लागते ती यामुळेच.